जावई पडला ती जागा

डॉक्टर मला सांगतात, आजी, रोज थोडं चालत जा, सगळी दुखणी पळतात. मी त्यांच्या तोंडाकडे नुसती बघत बसते. चालायला मिळावं म्हणून लहानपणी जिनं सख्ख्या बापाशी दावा मांडला, तिला हे परवाचं पोरगं चालण्याचे फायदे शिकवतं! माझा नातू तर कोपऱ्यावरच्या दुकानातून काडेपेटी आणायलाही मोटारसायकल काढतो. त्याला म्हटलं, अरे बाबा, पाय देवानं कशाला दिले? तर म्हणतो, किक मारायला. आता अशा माणसापुढं काय बोलायचं? म्हणून म्हटलं, बोलण्यापेक्षा लिहूनच ठेवावं. आमच्या गावाला पायवाट कशी मिळाली आणि ती मिळावी म्हणून वाशीमच्या एका सभ्य गृहस्थाला चिखलात कसं बसावं लागलं, ते सगळं.

आमचं गाव वाशीमकडच्या मालेगावच्या वाटेवर, पण सडकेपासून आत. घर आमचं आणि सखारामकाकांचं भिंतीला भिंत लागून. काका म्हणजे माझ्या वडिलांचे, आबांचे, चुलतभाऊ. दोघांची वावरंही शेजारी, आणि दोघांचं बोलणं बंद. कधीपासून बंद ते आम्हा पोरांना ठाऊक नव्हतं. आम्ही जन्मलो तेव्हा ते बंदच होतं. पण बोलणं बंद म्हणजे भांडण बंद, असं मात्र नाही हं. दोघंही आपापल्या बैलांशी बोलत. सकाळी मायच्या जात्याची घरघर थांबली की कोठ्यातून आबांचा आवाज येई, "काय रे ढवळ्या, लोकाचा धुरा खाऊन खाऊन काही जनाइचं पोट भरत नाई, नाई का?" की लगेच भिंतीपलीकडून काका त्यांच्या पवळ्याला विचारत, "पवळ्या, चोराच्या उलट्या बोंबा आयकल्या का रे तू?" बैल बिचारे दोन्हीकडचे कडबा खात राहत. बायकांचं मात्र निराळंच होतं. चुलीमागं भिंतीत एक वीट निघालेली होती. त्या भोकातून इकडचं ताक तिकडं जाई, तिकडची वांग्याची भाजी इकडं येई, विस्तव येई, गावातल्या बातम्या येत. आबा जेवताना म्हणत, "आज भाजी झ्याक झाली." माय म्हणे, "हो का?" आणि पदराआड हसे. काकूच्या हातची भाजी आबांनी जन्मभर चाखून खाल्ली आणि त्यांना ते कळत नव्हतं, यावर माझा काही विश्वास नाही.

भांडण धुऱ्याचं. आमच्याकडे दोन वावरांमधल्या बांधाला धुरा म्हणतात. आबा आणि काका यांच्या वावरांमधला धुरा गावापासून थेट सडकेपर्यंत जाई, आणि तीच गावाची पायवाट होती. म्हाताऱ्या बाया सांगत, एके काळी त्या धुऱ्यावरून डोक्यावर पाण्याचे गुंड घेतलेल्या दोन बाया गप्पा मारत जोडीनं जायच्या. मग दर साली वखरणीला आबांनी एक तास, म्हणजे औताची एक ओळ, तिकडं सरकून घातलं, काकांनी एक तास इकडं. हळूहळू धुरा असा झिजला की माझ्या लहानपणी त्यावरून बाई अंग तिरपं करूनच जाई, आणि समोरून दुसरी आली तर एकीनं वावरात उतरायचं. कुणी उतरायचं यावरून तिथं वेगळी भांडणं. दुसरी वाट म्हणजे गाडीवाट, पांदण. ती पावसाळ्यात म्हणजे निव्वळ काळा राडा. बैल पोटापर्यंत रुतत, माणसाचं तर विचारूच नका.

या एका वाटेपायी गावाचे काय हाल होते म्हणून सांगू! पोस्टमन गावात यायचाच नाही. तो सडकेवरच्या बाभळीखाली उभा राहून नावं पुकारी. वावरातला माणूस ते ऐकून पुढच्याला ओरडून सांगे, तो त्याच्या पुढच्याला. गावात पोचेपर्यंत बातमीचं काय होई ते देवालाच माहीत. एकदा पाटलांच्या साळ्याला मुलगा झाला, तर गावात पोचेपर्यंत साळाच गेला होता; पाटलीणबाईंनी रडून गाव गोळा केलं. मिठवाला यायचा नाही, कासार यायचा नाही. गंगाबुढी सुईण सडकेपलीकडच्या वस्तीत राहायची. ती म्हणे, "पावसाळ्यात पोट्टे काढायचे असन तं मले उन्हाळ्यातच आनून ठेवत जा." सगळं गाव कुरकुरे, पण आबांना आणि काकांना तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. दोघंही गावातले बडे. आणि दोघांचंही म्हणणं, धुरा मी नाही खाल्ला, त्यानं खाल्ला.

माझी गोष्ट या धुऱ्यापाशीच अडली होती. गावची शाळा चौथीपर्यंत. चौथी मी पास झाले, पहिल्या नंबरानं, आणि पुढची शाळा मालेगावला. गुरुजी घरी येऊन आबांना सांगून गेले, पोरगी हुशार आहे, घाला पुढं. आबा म्हणाले, "गुरुजी, वाट कुठी हाय? पोरीच्या जातीनं काय चिखलातून पोहत जावं?" वाट कुणी खाल्ली ते गुरुजींनी काही काढलं नाही; त्यांना गावात राहायचं होतं. मी घरी बसले. शेण, पाणी, भाकरी. दुपारी काकू भोकातून मायला सांगताना मी ऐकलं की रिसोडकडचं एक स्थळ आहे, पोरगा बिजवर आहे पण वावर मोठं आहे. त्या दिवशी मी चुलीत एवढ्या काड्या कोंबल्या की माय म्हणाली, "काय व, घर जाळतं का?"

याच सुमारास आमच्या घरात सायकलचं प्रकरण शिरलं. माझी मोठी बहीण, यमूबाई, त्याच उन्हाळ्यात वाशीमला दिली होती. जावई गणपतराव तिथल्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून. माणूस देवगुणी, पण लग्नात सायकलवर अडून बसला. आबांनी सायकल घेतली आणि लग्नाआधी आठवडाभर ती आमच्या कोठ्यात राहिली. आबांनी तिला दाव्यानं खुंट्याला बांधली होती. मायनं तिला हळदकुंकू वाहिलं, पुढच्या चाकाला लिंबू बांधलं. ढवळ्यानं तिची चामड्याची गादी खारट लागली म्हणून चाटून चाटून पांढरी करून टाकली. लग्नात भाऊजींनी विचारलं, गादीला हे काय झालं? आबा ताठ मानेनं म्हणाले, "त्याले इंग्रजी पॉलिश म्हनतेत."

पावसाळ्याच्या तोंडी भाऊजी पहिल्यांदा सासरी आले ते वाशीमपासून सडकेनं सायकलवर झोकात आले आणि बाभळीखाली अडकले. आबांनी रेंगी, म्हणजे छोटी बैलगाडी, पाठवली. मग जावई रेंगीत पुढं आणि सायकल मागं, चारी बाजूंनी बांधलेली, चाकं वर, अशी मिरवणूक पांदणीनं गावात शिरली. पोट्टे टाळ्या पिटत मागं धावले, "जावयाची म्हैस याले आली, म्हैस याले आली!" याले म्हणजे व्यायला. भाऊजींचं तोंड एवढंसं झालं. त्या संध्याकाळी ओट्यावर बरीच मंडळी होती. मी पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि धीर करून म्हटलं, "आबा, मले शाळेत कवा घालता?" सगळे हसले. आबाही हसले आणि मोठ्यानं म्हणाले, "ज्या दिवशी जावयाची सायकल आपल्या चाकावर चालत माह्या दारात येईन, त्या दिवशी तू शाळेत जाशीन. हा माहा शब्द." भिंतीपलीकडून पवळ्याला कुणीतरी म्हणालं, "आयकलं का रे? शब्द देनं चालू हाय."

लोकांना तो विनोद वाटला. मला नाही वाटला. आबा कसेही असोत, दहा माणसांत दिलेला शब्द ते मोडत नसत, एवढं मला पक्कं ठाऊक होतं.

त्या साली अधिक महिना पावसाळ्यातच आला. आमच्याकडे त्याला धोंड्याचा महिना म्हणतात आणि त्यात जावयाचा मान विष्णूच्या बरोबरीचा. घरात आठ दिवस धांदल. मायनं तांदूळ भिजवून अनारशांचं पीठ केलं, पुरण शिजलं, तुपाच्या वासानं मांजरी जमल्या. काकूनं भोकातून जायफळ दिलं. पण भाऊजींनी निरोप धाडला: यमूला रेंगीनं न्या, मी रेंगीत बसणार नाही, सायकलवरच येईन, धुऱ्यावरून येईन. मागची म्हैस त्यांच्या काळजाला लागली होती. मला एवढा आनंद झाला की मी देवापुढं दोनदा दिवा लावला. वाट दाखवायला म्हणून मीच सडकेवर गेले.

भाऊजी आले. पांढरं फेक धोतर, काळा कोट, काळी टोपी. पंपशूवर चिखलाचा एक ठिपका नाही. मी म्हटलं, "भाऊजी, उतरून चाला, वाट लय बारीक हाय." ते म्हणाले, "कौशे, तू पुढं पळ, आनि पाह्य." आणि खरंच सांगते, त्या हातभर धुऱ्यावरून तो माणूस असा आला, असा आला, की दोन्हीकडच्या कपाशीतल्या निंदणाऱ्या बाया विळे टाकून उभ्या राहिल्या. मी पुढं पळत होते आणि मनातल्या मनात मालेगावच्या शाळेच्या पायऱ्या चढत होते. अर्धी वाट झाली. तिथं बोरीचं एक झाड होतं आणि धुरा सगळ्यांत झिजलेला होता. आमच्या बाजूला आबा नवा फेटा बांधून जावयाची वाट बघत उभे. नेमके त्याच वेळी पलीकडे काका फावडं घेऊन वावरातलं पाणी काढत होते. आबा म्हणाले, "या, या जावईबापू, राम राम!" काकांचं आबांशी बोलणं बंद, पण जावई तर साऱ्या गावाचा. तेही फावडं टेकून म्हणाले, "राम राम पाव्हनं!"

आता मला सांगा, काय करावं माणसानं? एका सासऱ्याला राम राम घालून दुसऱ्याला न घालणं म्हणजे कायमचा दावा. आणि सायकल चालवताना एका हातानं राम राम करणं म्हणजे भिकाऱ्याला हात दाखवल्यासारखं. भाऊजी वळणाचे गृहस्थ. त्यांनी हॅंडल सोडलं, दोन्ही हात नीट जोडले, आधी आबांकडे मान लववली, मग काकांकडे. काकांकडची मान वर आलीच नाही. सायकल, धोतर, कोट, टोपी सगळं एका दमात चिखलात. पुढचं चाक आमच्या बाजूला वाकडं होऊन फिरत राहिलं, टोपी काकांच्या पाण्यात तरंगली आणि भाऊजी मधोमध बसले, छातीपर्यंत काळे. "अगा माय व!" म्हणून बाया ओरडल्या.

आबा धावले, काकाही धावले. पण भाऊजींनी हात आखडून घेतले. रुसले! जावईच तो, धोंड्याचा. म्हणाले, "कोनी हात लावू नका मले. ज्याच्या वावरात मी पडलो, त्यानं चारचौघात चूक कबूल करून माहे पाय धुवावे. तवर मी उठत नाई." आणि खरंच उठेनात. अर्ध्या घटकेत सगळं गाव धुऱ्यावर जमलं. धोतरं वर खोचून पाटील आले. त्यांनी डोळे मिटून विचार केला आणि म्हणाले, "रास्त बोलले पाव्हने. वावर कोनाचं, त्याची चूक."

पाय धुवायला आबांना काही कमीपणा नव्हता. घरी चौरंग मांडून ते धुणारच होते. पण साऱ्या गावासमोर, त्यातून काकांसमोर, चूक कबूल करायची? शक्यच नाही. आबा म्हणाले, "पाटील, जावई माहा हाय, पन जागा माही नाई. माही हद इथं कुठी? माही हद तं त्या दगडापासून." आणि चांगला पाच हात आत असलेला दगड त्यांनी दाखवला. ज्या जमिनीसाठी वीस पावसाळे बैलांच्या कानाशी भांडण चाललं होतं, ती त्यांनी अशी झटकून टाकली. काका काय मागं राहतात? त्यांनी पवळा नव्हता म्हणून फावड्याकडे बघून म्हटलं, "लोकानं काहीबी म्हनावं. माही हद तं त्या पळसापासून हाय. बोरीखालचं वावर मी कवा वाह्यलंच नाई." बोरीखाली त्यांची कपाशी गुडघाभर उभी होती! आबा म्हणाले, "दगडाच्याही अलीकडून." काका म्हणाले, "पळसाच्याही पलीकडून." लोक एकदा इकडं बघत, एकदा तिकडं. भाऊजी चिखलातून म्हणाले, "लवकर ठरवा, जळवा लागून राह्यल्या."

मला काय सुचलं कोण जाणे. मी भाऊजींच्या शेजारी उभी होते, घागरा चिखलानं भरलेला. मी मोठ्यानं म्हटलं, "पाटीलबाबा, मंग दगडापासून पळसापावतर मधातली जागा कोनाची?"

आबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी भाऊजींच्या मागं सरकले. पाटलांच्या मिशा हलायला लागल्या. ते म्हणाले, "इचारते बराबर हे पोट्टी. बोला. कोनाची?" आता 'माझी' म्हणावं तर चूक आली, आणि 'त्याची' म्हणावं तर तो तिथंच कान टवकारून उभा. आबा संतापून ओरडले, "गावाची!" काका त्यांच्याहून मोठ्यानं ओरडले, "हाव, गावाची! म्या कवा नाई म्हनलं?" पाटलांनी एक क्षणही दवडला नाही. "गावाची तं गावाची चूक," म्हणाले, आणि काकांच्याच पाण्यात भाऊजींचे पाय धुऊन, सगळ्या गावाच्या वतीनं हात जोडून त्यांना उठवलं. मी कुणी सांगायच्या आत घरी पळाले. कोठ्यावरच्या पऱ्हाट्यांची, कपाशीच्या वाळल्या काड्यांची, मोळी डोक्यावर आणली आणि दगडापासून आणि पळसापासून दोन्हीकडे एकेक पऱ्हाटी रोवत सुटले. मागून गंगाबुढी पायानं चिखल दाबत येत होती आणि म्हणत होती, "खोल गाड व माय, खोल गाड. रातीतून उपटतीन हे दोघं."

त्या संध्याकाळी भाऊजींनी जळवांचे डाग दाखवत भरपूर अनारसे खाल्ले. मी आबांना शब्दाची आठवण दिली. ते म्हणाले, "सायकल दारात आली ते चार मानसाइच्या खांद्यावर. चाकावर आली का? नाई. मंग?" मी रडले. अगदी भोकाड पसरून रडले. भिंतीच्या भोकातून काकूचा हात आला, त्यात गुळाचा खडा होता. मी तो घेतला, पण रडणं थांबवलं नाही.

जागा गावाची ठरल्यावर मात्र गाव बदललं. पाऊस उघडला तसे लोक आपणहून निघाले. बरडीवरचा मुरूम टोपल्यांनी, गोणपाटांनी, कुणी धोतराच्या ओच्यात आणून टाकू लागले. बायांची गाणी, पोरांची पळापळ, दुपारी बोरीखाली भाकर, ठेचा आणि कांदा. आबा आणि काका पहिले दोन दिवस आले नाहीत. तिसऱ्या दिवशी काकांनी एक गाडी मुरूम ओतला. लगेच आबांनी दोन ओतल्या. मग काय, गावाला नुसतं बघत राहायचं होतं. दिवाळीच्या आत वाट अशी झाली की पाणी दोन्हीकडे निथळे आणि पाऊल कोरडं राही. पोस्टमन दारात येऊन उभा राहिला तेव्हा पाटलीणबाई दचकून आत पळाल्या. मिठवाला आला, कासार आला, गंगाबुढी हाक मारल्याबरोबर येऊ लागली. म्हातारी माणसं संध्याकाळी उगीचच सडकेपर्यंत जाऊन येत. दोन बाया पुन्हा जोडीनं गप्पा मारत चालायला लागल्या, आणि भांडणं एवढी कमी झाली की ओट्यावर बोलायला विषय उरेना.

दिवाळीला भाऊजी आले. घंटी वाजवत, आपल्या चाकांवर, थेट दारात. माय ओवाळायला तबक घेऊन उभी होती. भाऊजींना ओवाळण्याआधी ती आबांकडे वळली आणि एवढंच म्हणाली, "आता?" उभ्या संसारात तिनं आबांना विचारलेला हा पहिला सवाल असेल. आबांनी फेटा काढला, पुन्हा घातला, ढवळ्याकडे पाहिलं. ढवळ्यानं काही मदत केली नाही. "जा मंग," आबा म्हणाले. रिसोडच्या स्थळाला काय कळवलं ते मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

मी मालेगावला जाऊ लागले, आणि पुढल्या साली माझ्यामागं अजून पोरी आल्या. एक गंमत मात्र सांगायची राहिली. दर वखरणीला आबा पूर्वी एक तास पुढं सरकायचे, ते आता एक तास मागं सरकू लागले. पऱ्हाट्या कुजल्या तशा ते दगड मांडत गेले, पण आपल्याच वावरात आत. हे बघून काकांनी पलीकडून एक तास सोडलं. सकाळी कोठ्यातून आवाज येई, "ढवळ्या, रस्त्याले जास्त जागा कोनी देल्ली रे?" आणि पलीकडून, "पवळ्या, दोन तास कोनाचे गेले ते सांग बरं त्याले." मी सातवी होईपर्यंत त्या वाटेवरून दोन रेंग्या शेजारी शेजारी जाऊ लागल्या. बोलणं अर्थातच बंद होतं.

पुढं मी ट्रेनिंग करून मास्तरीण झाले. पहिल्या सुट्टीत वाशीमला बहिणीकडे उतरले, तर भाऊजींनी ती जुनी सायकल मला देऊन टाकली. गादीवरचं इंग्रजी पॉलिश अजून तसंच होतं. नऊवारीचा काष्टा असला की पुरुषी सायकलचा दांडा काही आड येत नाही. सडकेवरची माणसं मात्र थांबून थांबून बघत होती. बाभळीपाशी मी वळले. वाटेवर नुकतीच सर पडून गेली होती. बोरीजवळ येते तर एका बाजूला आबा, थकलेले, काठी टेकून. दुसऱ्या बाजूला काका, तसेच. कुणीतरी सांगितलं होतं बहुतेक, कौशी येते म्हणून. आबांनी हाक मारली, "आली का व बाई?" काका म्हणाले, "आली का व कौशे?"

इतकं शिकले, पण अक्कल कुठली यायला! मी हॅंडल सोडलं आणि दोघांनाही हात जोडले.

पडले ती त्याच जागी. टोपी नव्हती, तेवढाच फरक. काठ्या टाकून दोन्ही म्हातारे आले. आबा धापा टाकत म्हणाले, "माह्या वावरात पडली! माही पोरगी माह्या वावरात पडली!" काका म्हणाले, "त्याचं वावर कवाचंच तिकडं हटलं! मी सोडलेलं तास हाय हे, माह्या तासावर पडली!" मी चिखलात बसून हसत होते आणि रडतही होते. मग आबांनी माझा एक दंड धरला, तो काही त्यांना पेलेना. आसपास ढवळा नव्हता, पवळा नव्हता. ते दोघंही कधीचे गेले होते. आबांनी सरळ काकांकडे पाहिलं.

"सख्या," ते म्हणाले, "तिकून धर."

काकांनी माझा दुसरा दंड धरला. "धरलं ना बाप्पा," म्हणाले, "तू सोडू नको म्हंजे झालं."